पावसात धावणाऱ्याचं पांघरूण

लातूर-नांदेडकडच्या माणसानं पावसाळी जॅकेटवर लिहायला घेतलं तर कुणालाही हसू येईल. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथं भिजण्याची काळजी कोण करणार? आमच्याकडे पाऊस ही वाट पाहायची गोष्ट. त्याच्यापासून बचाव करायची वस्तू पैसे मोजून घेणं म्हणजे पाहुण्याला आवतण देऊन दाराला आतून कडी लावण्यासारखं. पण याच मुलखानं २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला आलेल्या गव्हा-हरभऱ्यावर गारांचा खच पाहिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातली गावं पाण्याखाली गेलेली पाहिली. आमचा पाऊस कमी असेल, पण तो सांगून येत नाही. आणि त्याच्या तडाख्यात सापडणाऱ्यांत शेतकरी आणि मेंढपाळ यांच्या जोडीला आता आणखी एक वर्ग आला आहे. तो म्हणजे धावणाऱ्यांचा.

पहाटे पाचच्या सुमाराला लातूरच्या रिंग रोडवर किंवा नांदेडात स्टेडियमच्या बाजूला उभं राहा. दोन तऱ्हेची माणसं धावताना दिसतील. पहिली तऱ्हा डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी, निवृत्त अधिकारी यांची. मनगटावर घड्याळ, पायात भारी बूट, डोक्यात साताऱ्याची हिल मॅरेथॉन. दुसरी तऱ्हा संख्येनं कितीतरी मोठी आहे. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी ही मुलं-मुली कंधार, लोहा, अहमदपूर, औसा, निलंगा या भागांतून येतात, चौघं मिळून खोली करतात आणि एका बनियनवर बारा महिने पळतात. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीतले वीस गुण या एका धावण्याला आहेत. पाच-सहा मिनिटांत एका घराचं भवितव्य ठरतं. २०२४ ची पोलीस भरती १९ जूनला, म्हणजे ऐन मृगात सुरू झाली आणि काही ठिकाणी पावसामुळे चाचण्या पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हा पावसात काय घालून धावावं, हा प्रश्न आमच्याकडे हौसेचा राहिलेला नाही.

पहिला मुद्दा हिशेबाचा. बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे मला कुठल्याही गोष्टीत जमा आणि खर्च दिसतो. शरीराच्या उष्णतेचंही तसंच खातं असतं. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या शंभराच्या एका बल्बाएवढी. तोच माणूस चांगल्या वेगानं धावू लागला की असे पाच-सहा बल्ब पेटतात. स्नायू अन्नातली जी शक्ती वापरतात, तिचा चौथा हिस्साच पायांना पुढे नेतो. उरलेली सगळी उष्णता होते. म्हणून जुलैतल्या बावीस-तेवीस अंशांच्या पावसात धावणाऱ्याला थंडी वाजत नाही. पाऊस त्याला गारवाच देतो. अशा वेळी अंगावर जाड रेनकोट घालणं म्हणजे पेटलेल्या चुलीवर गोधडी टाकणं. घाम आतच कोंडतो आणि बाहेरच्या पावसानं जेवढा भिजला नसता तेवढा माणूस आतून भिजतो.

खरा धोका पुढे आहे. धावणं थांबलं की पाचातले चार बल्ब काही मिनिटांत विझतात. जमा बंद होते, खर्च मात्र चालूच राहतो. अंगावरचा सुती बनियन ओला असतो. सूत पाणी धरून ठेवतं आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं. त्यात वाऱ्यावर घाम वाळू लागला की एका लिटरमागे जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. आणि आमच्या मुलांच्या बाबतीत या थांबण्याला आणखी एक पुरवणी जोडलेली असते, ती मोटारसायकलची. मैदानावरून ओल्या अंगानं तिघं एका गाडीवर बसतात आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गावाकडे निघतात. पोटात सकाळपासून काही नाही. समोरून ताशी पन्नास किलोमीटरचा वारा. धावताना जी थंडी वाजली नाही, ती सगळी या अर्ध्या तासात वसूल होते. एवढं कळलं की जॅकेटची निवड निम्मी झाली. पावसाळी जॅकेट थांबण्यासाठी लागतं, धावण्यासाठी फार थोडं. ते असं हवं की धावताना ओझं होऊ नये आणि थांबल्याक्षणी अंगावर चढवता यावं.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. शेळी-मेंढीपालनाची कर्जप्रकरणं तपासायला मी लोहा-कंधारकडच्या माळरानांवर पुष्कळ फिरलो. मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडं बाराही महिने. पाऊस आला की त्याची खोळ करून ती डोक्यावर घेतली जाते. चिंचोक्यांची खळ दिलेलं ते दख्खनी लोकरीचं विणकाम पाणी लगेच आत येऊ देत नाही. शिवाय लोकरीचा गुण असा की वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही ती अंगाला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोंगडं घेणारी म्हातारी माणसं ते हातानं चोळून, उजेडाला धरून पाहतात. त्यांच्या त्या पाहण्यात चार पिढ्यांचं शहाणपण असतं.

मात्र घोंगडं दोन किलोंच्या पुढचं, आणि भिजलं की त्याहून जड. ते पावसात उभं राहणाऱ्याचं पांघरूण आहे. कोकणातलं इरलं हे वाकून लावणी करणाऱ्याचं. त्याची पाठ झाकलेली आणि हात मोकळे. आमच्या शेतात युरियाच्या रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ ही खुरपणाऱ्या बाईची. पांघरूण कामातून जन्माला येतं. पावसात मैलोगणती धावणं हे आपल्याकडे घरोघरचं काम नव्हतं, म्हणून त्याचं पांघरूणही आपल्या घरात नव्हतं.

ते नसलं तर काय होतं, याचा फार कडू दाखला चीनमध्ये मिळाला. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतात डोंगराळ भागातून शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण धावायला उतरले. उंचावर गेल्यावर अचानक सोसाट्याचा वारा, गारा आणि थंड पाऊस आला. बहुतेकांच्या अंगावर पातळ शर्ट आणि अर्धी चड्डी. वारा अडवणारं जॅकेट जवळ ठेवण्याची सक्ती आयोजकांनी केलेली नव्हती. एकवीस धावपटू गारठून मेले. त्यांत चीनमधले अव्वल दर्जाचे धावपटू होते. दमाची कमतरता कुणालाच नव्हती. कमी पडलं ते दोन-अडीचशे ग्रॅम कापड. सहा जण वाचले ते झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळामुळे. पावसापासून बचावासाठी तो एका गुहेत बसला होता. गारठलेल्यांना त्यानं आत आणलं, शेकोटी पेटवली, रजया पांघरल्या. जगात कुठेही जा, पाऊस कसा सोसावा हे धावणाऱ्याआधी मेंढपाळाला कळतं.

आता बाजारात जाऊ. आमच्याकडे अशा सगळ्या वस्तूंना सरसकट ‘विंडचीटर’ म्हणतात, पण दुकानात तीन वेगळ्या जाती असतात.

पहिली जात खऱ्या विंडचीटरची. एकपदरी पातळ नायलॉन, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम, घडी केली तर मुठीत मावतं. हे वारा अडवतं, भुरभुर झेलतं, मोठ्या पावसात मात्र भिजतं. नांदेड-लातूरच्या पावसाला आणि डिसेंबरच्या पहाटेला हे पुरतं. दुसरी जात आपल्या नेहमीच्या रेनकोटची, रबराचा किंवा प्लॅस्टिकचा लेप दिलेली. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश गृहस्थानं दोन कापडांमध्ये रबर घालून त्याचं पेटंट घेतलं, त्याचाच हा वंश. पाणी आत येत नाही आणि घामही बाहेर जात नाही. हे मोटारसायकलवर उत्तम, धावताना निरुपयोगी. तिसरी जात पडदा असलेल्या कापडाची. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या कुळातलं एक द्रव्य झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार केली. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. १९७६ पासून ‘गोर-टेक्स’ या नावानं ते कापड बाजारात आहे. आता त्याचे भाऊबंद अनेक झाले आहेत.

या तिसऱ्या जातीचं कौतुक जाहिरातीत फार होतं, पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. आपल्या श्रावणात हवाच ओलीचिंब असते. तिथं वीस हजारांचं जॅकेटही घामापुढे हात टेकतं. सह्याद्रीत साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या ठिकाणी धुकं, वारा आणि पाऊस एकत्र येतात, किंवा हिमालयात जायचं असतं, तेव्हा ते घ्यावं. एरवी पैसे वाचवावेत. कपडा महाग आहे म्हणून आपल्या कामाला योग्य ठरत नाही. तारण मोठं दिसलं म्हणून कर्ज सुरक्षित होत नाही, तसंच हे.

घेताना काही गोष्टी दुकानातच पाहाव्यात. कापड तोंडाला लावून जोरात फुंकावं. फुंकर पलीकडे गेली तर वाराही आत येणार. जॅकेट उलटं करून शिवणी पाहाव्यात. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेल्या जॅकेटच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपतंच. दोन्ही हात वर करून पाहावं. पाठ उघडी पडायला नको. गळ्यापर्यंत चेन हवी, म्हणजे चढावर उघडता येते आणि उतारावर लावता येते. टोपी दोरीनं आवळता यायला हवी, नाहीतर वाऱ्यानं तिचा फुगा होतो. रंग काळा नको. आमच्या रस्त्यांवर पहाटे उसाचे ट्रॅक्टर धावतात, तेव्हा पाठीवर प्रकाशात चमकणारी पट्टी ही चैन नाही, तो विमा आहे. आतला कपडा सुती नसावा. शंभर-दीडशे रुपयांचा साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट भारी सुती बनियनपेक्षा बरा, कारण तो पाणी धरून ठेवत नाही. आणि जॅकेट घरी आल्यावर साबणाच्या फेसात भिजत घालू नये. साध्या पाण्यात, थोड्या सौम्य द्रव साबणानं धुऊन, न पिळता वाळवावं. कापडावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात तोवर त्याचा लेप शाबूत आहे असं समजावं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी मोठ्यानं बोलत नाही. पावसाळ्यात मैदानावर मुलींची संख्या घटते. आई-बाप आजाराचं कारण सांगतात. खरं कारण ओल्या कपड्यांचं आणि रस्त्यावरच्या नजरांचं असतं. जून ते सप्टेंबर सराव चुकला की आठशे मीटरचे सेकंद वाढतात आणि मग यादीत नाव लागत नाही. गडद, सैल, कमरेखाली येणारं एक हलकं जॅकेट हे अशा मुलीसाठी चार महिन्यांचा सराव असतं.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याच मराठवाड्याचा. शाळेला पायी, पळत जाणारा हा मुलगा महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनची थंडी सोसली आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य घेऊन आला. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशानं. त्या शर्यतीत सात वेळा पाण्यात उडी घ्यावी लागते आणि ओल्या बुटांनी धावावं लागतं. त्याचं नाव घेऊन आमच्याकडे पुष्कळ जण म्हणतात, ‘सोसल्याशिवाय माणूस घडत नाही. पावसात भिजू द्या पोरांना.’ खुशाल भिजू द्या. पण सोसण्यातही निवड असते. धावताना सोसलेलं अंगी लागतं. धावून झाल्यावर ओल्या अंगानं सोसलेली थंडी अंगातलं काढून नेते. थरथर सुरू झाली, बोटांना बुटाची नाडी सुटेना, बोलणं अडखळू लागलं, तर तो कणखरपणा नसतो. शरीराचं तापमान पस्तीस अंशांच्या खाली चालल्याची ती सूचना असते. अशा वेळी आडोसा, कोरडे कपडे आणि गोड गरम चहा, याच क्रमानं उपाय करायचा.

ज्यांच्याकडे जॅकेटचे पैसे नाहीत त्यांनी काय करावं? प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून एक कोरडा शर्ट आणि टॉवेल मैदानाच्या कडेला ठेवावा. धावून झालं की आधी ओलं काढावं, अंग पुसावं, कोरडं घालावं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद घ्यावा आणि मगच गाडीवर बसावं. निम्मं जॅकेट या पिशवीतच आहे. उरलेलं निम्मं आपण मोठ्यांनी द्यायचं आहे. भरतीच्या अकादम्या वर्षाला हजारो रुपये फी घेतात, त्यांनी मैदानापाशी चार पत्र्यांची शेड उभारावी. जिथं चाचण्या होतात तिथं शेवटच्या रेषेपलीकडे एक कोरडी खोली आणि चहाचं पातेलं असावं. सोळाशे मीटर ही मुलं आपल्या पायांनी पार करतातच. त्यानंतरच्या दहा मिनिटांची सोय आपल्याला करता आली पाहिजे.