गिरणगावच्या चाळीतले बालपण

मंडळी, आपल्या गावातला कोणी मुंबईला गेला आणि मागे त्याची चौकशी झाली, की घरचे सांगत, "चाळीत राहतो." एवढ्यावर बोलणे संपे. पण चाळ म्हणजे नेमके काय, तिथे पोरे कशी वाढली, त्यांचा दिवस कसा उगवे नि कसा मावळे, हे गावाकडे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि जे तिथे वाढले, ते सांगायला बसले की पहिले वाक्य ठरलेले, "अहो, काय मजा होती!" मजा होती हे खरेच. पण नुसत्या मजेवर माणूस वाढत नाही. त्या मजेच्या मागे एक शिस्त होती, बराचसा त्रास होता, आणि तुमच्या-आमच्या गावाचा फार मोठा हात होता. तेवढेच आज समजावून सांगायचे आहे.

आधी या चाळी आल्या कुठून ते पाहू. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून माणसांची रीघ लागली. कामाला हात हवे होते. पण त्या हातांना राहायला जागा कोणी ठेवली नव्हती. १८९६ साली प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्तीतून पसरला, तेव्हा सरकारला जाग आली. १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. मग १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' नावाचे खाते निघाले. त्याची आद्याक्षरे म्हणजेच बी. डी. डी. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे कर बसवला. म्हणजे पाहा, वऱ्हाड-खानदेशाच्या शेतकऱ्याच्या कापसाचाही या भिंतींना हातभार आहे.

बेत होता पन्नास हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ इमारती झाल्या. एकट्या वरळीत १२१. प्रत्येक इमारत तळमजला आणि वर तीन मजले. एका मजल्यावर वीस खोल्या, एका इमारतीत ऐंशी. गंमत अशी, की सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. कारण भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते. कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंगही झाला. कामगारांची कुटुंबे भरत गेली ती पुढच्या काळात. डिलाईल रोडला नंतर कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव मिळाले, पण जुन्या माणसाच्या तोंडी अजून डिलाईल रोडच आहे.

आता खोलीचा अंदाज घ्या. गुरुजी, उद्या शाळेच्या पटांगणात खडूने सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद असा एक चौकोन आखा. झाले १६० चौरस फूट. एवढीच खोली. त्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात मोरी काढा, दुसऱ्यात स्टो आणि भांड्यांची फळी, एका भिंतीला ट्रंका आणि पाण्याचे पिंप. उरलेल्या जागेत आई, वडील, आजी, चार मुले आणि गावाहून नोकरीच्या शोधात आलेला एक काका, अशी आठ मुले उभी करा. मग त्यांना सांगा, आता झोपा! पोरे हसतील. पण त्या हसण्यातच त्यांना चाळ समजेल; नुसत्या सांगण्याने समजणार नाही.

मग एवढी माणसे मावत कशी? उत्तर असे, की जागा कमी पडली तेव्हा चाळीने वेळ वाटून घेतली. गिरणी तीन पाळ्यांत चाले. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येऊन झोपे, आणि ज्या वळकटीवर तो झोपे ती पहाटेपर्यंत दुसऱ्या कोणाची तरी असे. माझे बालपण अशाच एका चाळीत गेले. "काका झोपलाय, आवाज करू नका," हे वाक्य आम्ही अक्षरओळखीच्या आधी शिकलो. घरात बसून खेळणे हा प्रकार आम्हाला माहीत नव्हता. मधल्या पॅसेजमध्ये, जिन्यावर, दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत दिवस जाई. खोली ही जेवायची आणि रात्री पाठ टेकायची जागा. पुष्कळ पुरुष आणि मोठे मुलगे तर पॅसेजमध्येच पथारी टाकत.

घड्याळ घरात असो वा नसो, गिरणीचा भोंगा होता. भोंग्यावर आई डबा भरी, भोंग्यावर आम्ही शाळेला निघू, आणि वडिलांच्या पाळीचा भोंगा झाला की पोरे खेळ आवरून जिन्याशी येत. हे वेळेचे भान फुकट मिळालेले नव्हते. गिरणीत उशीर झाला तर खाडा पडे नि पगार कापला जाई, हे प्रत्येक पोराला ठाऊक होते.

वेळ वाटून अभ्यास कसा होई याचे एक मोठे उदाहरण आहे. बी. डी. डी. चाळी अजून उभ्या राहायच्या होत्या, त्या काळातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना परळच्या डबक चाळीत एका खोलीत त्यांचे कुटुंब राहत होते. भीमराव लवकर झोपत. रात्री दोनच्या सुमारास वडील रामजी त्यांना उठवत आणि त्याच जागेवर स्वतः आडवे होत. मुलगा दिव्याशी वाचत बसे. एक बिछान्याची जागा, त्यात बापाची झोप आणि मुलाचे वाचन. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे १९१२ पासून बरीच वर्षे ते परळलाच इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. 'घरी जागा नाही म्हणून अभ्यास होत नाही,' असे म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका, गुरुजी. त्याची अडचण खरी आहे. त्याला वेळ शोधायला मदत करा. आणि रामजींसारखा बाप मिळावा लागतो, हेही विसरू नका.

आता पाण्याचे. गावाकडे विहिरीवर जशी बायकांची गर्दी, तशी चाळीत नळावर. पाणी ठरलेल्या वेळी येई, पुष्कळदा भल्या पहाटे. रांगेत माणसाऐवजी बादली उभी असे, आणि बादलीचा नंबर माणसाच्या नंबराइतकाच पक्का. कोणी बादली सरकवली तर भांडण, आणि ते भांडण दुपारपर्यंत मजलाभर चाले. संडास प्रत्येक मजल्यावर सामाईक. तिथेही रांग. लहान मुलगा रांगेत उभा राहायला शिकला, 'आजीला आधी जाऊ द्या' म्हणायला शिकला, हे चांगले. पण आजारी माणसाला, बाळंतिणीला, वयात आलेल्या मुलीला त्या रांगेचा किती जाच होत असेल, हे आठवणी सांगताना पुरुषमंडळी हमखास गाळतात. एका घरात कोणाला खोकला धरला, तर आठ माणसे त्याच हवेत झोपत. क्षयाची धास्ती गिरणगावात घरोघर होती.

मुलींचे बालपण तर वेगळेच. मुले पॅसेजमध्ये लगोरी नि क्रिकेट खेळत तेव्हा मुलीच्या काखेत धाकटे भावंड असे आणि हातात कळशी. तिचे खेळ बसल्या जागेचे, सागरगोट्यांचे, म्हणजे खेळता खेळता स्टोवरच्या दुधाकडे लक्ष ठेवता येईल असे. पुष्कळ घरांत आई खानावळ चालवी. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले दहा-पंधरा गडी तिच्या हातचे जेवत. त्या भाकऱ्यांचे पीठ मळायला शाळेतून आलेली मुलगीच बसे. गिरणीच्या हजेरीपटावर तिचे नाव कधी लागले नाही, पण कापडाच्या धंद्यात तिचाही घाम आहे.

शेजाराबद्दल बोलायचे तर दार दिवसभर उघडे. किल्ली शेजारणीकडे. मूल कोणाचेही असो, जिन्यावरून पडले तर पहिली धावेल ती आई. आणि खोडी केली तर कान पिळायचा हक्कही मजल्यावरच्या प्रत्येक वडीलधाऱ्याला. "थांब, तुझ्या बापाला सांगतो," ही धमकी वीस खोल्यांतून येई. गणपती, दहीहंडी, होळी, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, भजन, व्यायामशाळा, कॅरम. मोठी माणसे सभेत कशी बोलतात, वर्गणीचा हिशेब कसा मांडतात, हे पोरे तिथेच बघून शिकत. कवी नारायण सुर्वे हे याच गिरणगावच्या मुशीतले. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी त्यांना पोटच्या पोरासारखे वाढवले. पुढे ते महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले.

पण शेजाराला कुंपण नव्हते असे म्हणाल तर ते खोटे होईल. गावची जात बोचक्यात बांधून माणसे मुंबईत आली होती. कोणत्या चाळीत कोण राहतो हे मुलांनाही पाठ असे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली. दलित पँथरच्या सभेनंतर दलित आणि सवर्ण समोरासमोर आले. काल एकत्र खेळलेली मुले त्या दिवशी वेगवेगळ्या गच्च्यांवर उभी होती. मुलांना चाळीची एकी सांगाल तेव्हा हेही सांगा. अर्धे सांगितले तर ती कहाणी होते, इतिहास होत नाही.

आता तुमच्या गावाचा हात कसा, ते ऐका. कितीतरी कामगारांचे घर दोन ठिकाणी होते. बाप मुंबईत, बायको-मुले गावी. किंवा थोरला मुंबईला शिकायला, धाकटी आजीजवळ. एका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, तिला गावकीची खोली म्हणत. नवा पोरगा आला की ट्रंक तिथे टेकवी. मनिऑर्डर मुंबईहून गावी जाई. तांदूळ, कुळीथ, आमसुले, लोणच्याची बरणी गावाहून मुंबईला येई. गावची शाळा दुरुस्त करायला, देवळावर कौले घालायला वर्गणी चाळीत जमे. आणि मे महिना लागला की आधी बोटीने, मग एसटीने, १९९८ नंतर कोकण रेल्वेने आम्ही पोरे गावी. वर्षभर रांगेत उभी राहणारी पोरे तिथे विहिरीत मनसोक्त पोहत. चाळीत जी मोकळीक नव्हती ती गावाने पुरवली.

हा धागा सर्वांत जोरात ताणला गेला तो १९८२ साली. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. तो लांबत गेला आणि औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार बंद, दुकानातली उधारी बंद. कितीतरी कुटुंबे गावी परतली. त्या वर्षी तुमच्या शाळेत मध्येच मुंबईची पोरे येऊन बसली असतील. बोलणे जरा वेगळे, पायांत चपला, आणि शेणाचा वास आला की नाक मुरडणारी. त्यांना वर्गात हसले गेले असेल. पण भोंगा बंद झाल्यावर बाप दिवसभर घरी बसलेला ज्यांनी पाहिला, ती ही मुले. हजारो गिरणी कामगार पुन्हा कामावर कधीच गेले नाहीत.

आज त्या चाळी पाडल्या जात आहेत. वरळीला पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचा संडास, स्वतःचा नळ. ज्यांनी बादलीच्या रांगेत जन्म काढला त्यांना याचे मोल सांगायला नको. चाळ गेली म्हणून रडणाऱ्याने आधी त्यांच्या आईला विचारावे. पण खोल्या पडल्या की खोलीत कसे जगलो हे सांगणारी खूणही जाते, आणि सांगणारी माणसे आता थकली आहेत.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. चाळीचा अर्धा इतिहास मुंबईत नाही, तो तुमच्या गावात आहे. मुंबईची नोकरी संपवून परतलेले आजोबा आणि आजी तुमच्या शाळेच्या हाकेवर राहतात. मुलांना वह्या घेऊन त्यांच्याकडे पाठवा. पाच प्रश्न पुरेत. खोलीत किती माणसे होती? झोपायला कोण कुठे? पाणी कोण भरी? शेजारी कोण, आणि कोणाच्या घरी पाणी पीत नसत? संपाच्या वर्षी घर कसे चालले? आजोबांना विचाराल तेव्हा आजींना वेगळे विचारा. दोघांची उत्तरे सारखी येणार नाहीत. ट्रंकेत मनिऑर्डरच्या पावत्या, गिरणीचे हजेरीकार्ड, मंडळाच्या वर्गणीची वही सापडली तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. तारीख घालून, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन शाळेच्या कपाटात ठेवा.

हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. या मेच्या सुट्टीत मुंबईकर मंडळी गावी येतील, तेव्हाच सुरुवात करा.