घरी न आलेला ‘घरचा’ गेम

येत्या १९ सप्टेंबरला जपानमध्ये आयची-नागोया इथे आशियाई स्पर्धा सुरू होतील. कबड्डी, कुस्तीच्या जोडीला तिथे ‘स्ट्रीट फायटर ६’, ‘टेकन ८’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स १५’ हे मारामारीचे तीन गेमही पदकासाठी खेळले जाणार आहेत. बातमी सगळ्यांनी वाचली असेल. मी मात्र तिसऱ्या नावापाशी अडकलो. ‘किंग ऑफ फायटर्स’ मी पहिल्यांदा पाहिला तो नंदुरबारला, बसस्टँडमागच्या एका गल्लीत, सायकलच्या दुकानाशेजारच्या दहा बाय बाराच्या खोलीत. साल १९९८. धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, त्याच वर्षीचा पावसाळा.

खोलीत प्लायवूडची चार खोकी. प्रत्येकात रंगीत टीव्हीची काचेची नळी बसवलेली, समोर लाल गोळ्याचे दोन दांडे आणि बटणं. बटणांचा रंग बोटं लागून लागून गेलेला, मधल्या बटणाला तर खळगा पडलेला. खेळायचं असेल त्यानं रुपयाचं नाणं काचेच्या कडेला उभं करून ठेवायचं. नाण्यांची रांग म्हणजे माणसांची रांग. हरला की उठायचं, जिंकला की बसून राहायचं. जिंकणाऱ्याचा एका रुपयात अर्धा तास निघायचा, हरणाऱ्याचा दीड मिनिटात निकाल लागायचा. मागून अहिराणीत आवाज यायचा, ‘आते मना नंबर शे!’ रांग मोडली तर मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, ते मागून मशीनचं बटणच बंद करायचे. लाइट गेली तर मात्र कोणाचंच काही चालायचं नाही. अर्ध्यावरची लढत अंधारात बुडायची आणि परत रुपया टाकावा लागायचा.

या खोलीबद्दल इतकं सांगण्याचं कारण आहे. मारामारीच्या गेमची सगळी घडण अशाच खोल्यांना धरून झाली. आधी आर्केड (अशी नाणं टाकून खेळायची दुकानं), मग घर, हा क्रम पंचवीस वर्षं चालला. कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ आर्केडमध्ये आला १९९१ साली आणि सुपर निन्टेन्डोवर घरी आला १९९२ मध्ये. घरच्या त्या आवृत्तीच्या ६३ लाख प्रती खपल्या. ‘टेकन ३’ आर्केडमध्ये १९९७ ला आला, प्लेस्टेशनवर १९९८ ला. कारण साधं होतं. आर्केडच्या खोक्यातली सर्किटची पाटी महागडी आणि ताकदवान असायची, घरच्या यंत्रात ती ताकद नसायची. त्यामुळे घरी येता येता गेममधून काहीतरी गळायचंच. ‘टेकन ३’ घरी आला तेव्हा पात्रांच्या मागची दृश्यं सपाट झाली होती, आणि ते यंत्र तर आर्केडच्या पाटीचं सख्खं भावंड होतं. ‘मॉर्टल कोम्बॅट’ १९९३ साली घरी आला तेव्हा निन्टेन्डोनं त्यातलं रक्त काढून तिथे घाम घातला. सेगानं रक्त ठेवलं, पण गुप्त क्रमानं बटणं दाबल्यावरच ते दिसेल अशी सोय केली. अमेरिकेत त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी गेमवर वयाचे शिक्के मारणारं मंडळ उभं राहिलं.

याला एक ठळक अपवाद होता, आणि तो नेमका आमच्या खोलीतला. ‘किंग ऑफ फायटर्स’ बनवणाऱ्या एसएनके कंपनीच्या निओ जिओ यंत्रात आर्केडला आणि घरी एकच प्रोग्रॅम चालायचा. कार्ट्रिजचा आकार तेवढा वेगळा. आपण दुकानात आहोत की घरात, हे गेम स्वतःच ओळखायचा. गळती शून्य. पण घरच्या या यंत्राची अमेरिकेतली किंमत होती ६५० डॉलर, आणि एकेक गेम दोनशेच्या वर. त्याच सुमारास आलेलं सुपर निन्टेन्डो १९९ डॉलरला मिळायचं. म्हणजे जो गेम घरी जसाच्या तसा येत होता, तो अमेरिकेतल्याही बहुतेक घरांना परवडत नव्हता. जगभरातल्या नंदुरबारांमध्ये तो गल्लीतच राहिला.

आमच्याकडे आणखी एक गंमत होती. शेजारच्या खोक्यातल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये रियू हवेत उडी मारून वरूनच आगीचे गोळे फेकायचा, एकदम चार-चार. लढत चालू असताना स्टार्टचं बटण दाबलं की पात्रच बदलायचं. मी कित्येक वर्षं हाच खरा ‘स्ट्रीट फायटर’ समजत होतो. पुढे कळलं की ती तैवानमध्ये फेरफार करून विकलेली चोरीची पाटी, ‘रेनबो एडिशन’ नावानं जगभर पसरलेली. तिचा वेग लोकांना इतका आवडला की कॅपकॉमला १९९२ च्या डिसेंबरात स्वतःचा वेगवान ‘हायपर फायटिंग’ बाजारात आणावा लागला. चोरीच्या मालानं मूळ मालाला वळण लावलं आणि त्या वळणाचा एक तुकडा तापी खोऱ्यातल्या आमच्या गावातही होता, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि घरी? पैसेवाल्या दोन-तीन मित्रांकडे टीव्हीला जोडायचा डबा आला होता, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. त्यावर ‘स्ट्रीट फायटर’ लिहिलेली पिवळी कॅसेट मिळायची. खरं तर या यंत्रासाठी कॅपकॉमनं ‘स्ट्रीट फायटर २’ कधी काढलाच नाही, त्या कॅसेट सगळ्या बनावट. आर्केडवर सहा बटणं, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. इथे हातात दोन. एका सुट्टीत मित्राच्या ओट्यावर बसून आम्ही दुपारभर ‘हाडुकेन’, म्हणजे रियूचा तो गोळा, काढायचा प्रयत्न केला. खाली, तिरपं, पुढे आणि ठोसा. दांड्यावर हे मनगटाच्या एका झोक्यात व्हायचं. प्लॅस्टिकच्या अधिक चिन्हावर अंगठ्याचं कातडं सोलून निघालं. संध्याकाळी आम्ही सगळे, डब्याचा मालक असलेला मित्रही, परत गल्लीत गेलो.

आर्केड विरुद्ध घरचा कन्सोल ही मांडणी अमेरिका-जपानची. तिथला मुलगा आर्केडमधून उठून घरी गेला. आमच्याकडे उठून जायला घरात यंत्र नव्हतं. २००० नंतर खोकी मोडीत निघाली आणि त्याच खोलीत, त्याच प्लायवूडच्या फळीवर प्लेस्टेशन आलं. तासाला दहा रुपये. चार टीव्ही, आठ रिमोट, भिंतीला टेकलेली मुलं. ‘टेकन ३’ ची ‘घरगुती’ आवृत्ती मी कोणाच्याही घरी खेळलेलो नाही. घरासाठी बनवलेला डबा आमच्याकडे आर्केड होऊन जगला. शहादा, तळोदा, नवापूर, तालुक्याच्या गावी असलं एखादं दुकान असायचंच. कॉलेजला आलेला मुलगा नंदुरबारला आपल्या गावची खेळी घेऊन यायचा आणि इथली शिकून परत न्यायचा.

ही शिकवाशिकवी म्हणजे या गेमचा प्राण. ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये एका फटक्याला दुसरा जोडता येतो, ज्याला कॉम्बो म्हणतात. ही गोष्ट कोणी योजलेली नव्हती. गाडी फोडण्याचा बोनस टप्पा तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना फटके एकमेकांना जोडले जाताना दिसले आणि त्यांनी तो दोष तसाच राहू दिला. लोकांना तो यंत्रापाशी सापडला, एकानं दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला दाखवला.

आता हँगझोची गोष्ट. मागच्या आशियाई स्पर्धेत, २८ सप्टेंबर २०२३ ला, ‘स्ट्रीट फायटर ५’ चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं. अंतिम फेरीत तैवानच्या श्यांग यू-लिन यांना त्यांनी ४-३ असं हरवलं. किम यांचं वय ४४. ज्या क्षेत्रात पंचविशीत निवृत्त होतात असं म्हणतात, तिथे हा माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी जिंकला. मी ती लढत दोनदा पाहिली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नाही. समोरचा पुढे आला की अर्धं पाऊल मागे, तो थांबला की अर्धं पुढे. ही अंतराची जाण अनोळखी माणसांसमोर बसून, हरून, उठून, पुन्हा रांगेत लागून येते. किम लहानपणी कोरियातल्या ‘ओराकशिल’मध्ये, म्हणजे तिथल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, शिकले. पार्लरमध्ये जातो म्हणून ओरडा खाणाऱ्या पिढीतले ते आहेत. आपल्याकडून त्याच स्पर्धेत मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. पदक आलं नाही, पण भारताचं नाव त्या तक्त्यात लागलं.

दुसरा माणूस आपल्या शेजारचा. लाहोरचा अर्सलान सिद्दीकी, गेमच्या जगात अर्सलान ॲश. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमधली आणि ऑगस्टमध्ये लास वेगासमधली, ‘इव्हो’ या मारामारीच्या गेमच्या मोठ्या मेळाव्यातल्या दोन्ही ‘टेकन ७’ स्पर्धा त्यानं जिंकल्या. ‘टेकन ७’ जपानच्या आर्केडमध्ये २०१५ च्या मार्चमध्ये आला होता. घरच्या यंत्रांवर तो आला जून २०१७ मध्ये. म्हणजे जपान आणि कोरियाला सव्वादोन वर्षांची आघाडी होती, आणि ती एका लाहोरी मुलानं दोन वर्षांच्या आत भरून काढली. जिंकल्यावर तो म्हणाला की माझ्यासारखे अजून आमच्याकडे आहेत. खात्री करायला कोरियाचा ‘नी’ या नावानं खेळणारा मुरलेला खेळाडू स्वतः पाकिस्तानात जाऊन आला. घरचा कन्सोल आल्यामुळे लाहोरला दार उघडलं, हे खरं. पण तो कन्सोल तिथंही चार भिंतींतल्या एका मुलापुढे एकटा पडला नव्हता. पैसे देऊन शेजारी शेजारी बसून खेळण्याच्या जागा तिथं टिकून होत्या. माझ्या मते सगळं गमक इथं आहे.

कारण आता क्रम उलटला आहे. ‘स्ट्रीट फायटर ५’ २०१६ ला थेट घरी आला, आर्केडला त्यानंतर तीन वर्षांनी. ‘स्ट्रीट फायटर ६’ जून २०२३ ला घरी, डिसेंबरात जपानच्या आर्केडमध्ये. २०२४ च्या जानेवारीत आलेला ‘टेकन ८’ तर आर्केडचा उंबरा न ओलांडताच आला. यात वाईट काय, असं कोणी विचारेल. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ ला आलं ते ४९,९९० रुपयांना. मिरचीच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात मजुरी करणाऱ्याच्या मुलाला एका रुपयात जे दार उघडत होतं, त्याची ही नवी किंमत आहे.

ऑनलाइन खेळा, असं सांगितलं जातं. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. नंदुरबार ते टोकियो सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद. चार चित्रं तिथंच गेली, आणि तार काही सरळ जात नाही. टोनी कॅनन या प्रोग्रॅमरनं यावर उपाय काढला, त्याला ‘रोलबॅक’ म्हणतात. समोरचा काय दाबेल याचा गेम अंदाज बांधतो आणि चुकला तर क्षणात मागे जाऊन दुरुस्त करतो. तिन्ही नव्या गेममध्ये ही सोय आहे आणि ती खरोखर चांगली आहे. तरीही शेजारी बसलेल्याचा श्वास तीत ऐकू येत नाही. मोबाइलवर तर हा गेम जमतच नाही. बोटानं काच झाकली की समोरचा दिसणार कसा?

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता. मला हा कायदा मोलाचा वाटतो, कारण आमच्या गल्लीतल्या खोल्या याच घोळानं संपल्या. व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगाराची यंत्रं चालवणारे होते, त्यांच्यावर छापे पडायचे, आणि रुपयात ‘किंग ऑफ फायटर्स’ चालवणाराही त्याच संशयात भरडला जायचा. परवाना, यंत्रामागे करमणूक कर, वर बदनामी. भाऊंनी २००९ च्या सुमारास दुकान बंद केलं, तिथे आता मोबाइल दुरुस्ती होते. जुगार आणि खेळ यांतली रेघ कायद्यानं ओढली आहे, तर आता खेळाच्या बाजूला एक जागा द्या. तालुका क्रीडा संकुलांत व्यायामशाळा आहेत, बॅडमिंटनचे हॉल आहेत. तिथल्या एका खोलीत दोन टीव्ही, दोन कन्सोल, चार दांडे. धडगाव आणि अक्कलकुव्यालासुद्धा. धनुष्यबाणावर नेम पक्का असलेल्या, होळीला रात्रभर नाचणाऱ्या तिथल्या मुलांच्या मनगटाला ताल शिकवावा लागणार नाही. समोर बसायला माणूस मात्र लागेल.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे आशियाई स्पर्धेत सकाळी दहाला लढती सुरू झाल्या तर इथे साडेसहा वाजलेले असतील. भाऊंना मी फोन केला होता. ‘किंग ऑफ फायटर्स’मधले क्यो आणि इओरी हे जुने लढवय्ये अजून त्या गेममध्ये आहेत, हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, त्या दिवशी घरी ये, टीव्ही मोठा आहे.