संध्याकाळी पाचनंतरचं सरकार

वैजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा पाचच्या आसपास सुटते. घरची मोठी माणसं कांद्याच्या, कापसाच्या रानातून दिवेलागणीनंतर परततात. मधल्या दोन-तीन तासांत पोरं कुणाच्या हवाली असतात? बहुतेक गावांत याचं उत्तर आजी, पार, रस्ता आणि अलीकडे मोबाइल असं आहे. शहरातल्या पालकाला या वेळेसाठी शिकवणी, छंदवर्ग, पोहण्याचा क्लास विकत घेता येतो. शिऊर, महालगाव किंवा बोरसरच्या पालकापुढे तशी दुकानं मांडलेली नसतात, आणि असती तरी त्याला परवडली नसती.

या वेळेसाठी सरकारकडे पैसा नाही असं सगळे धरून चालतात. तो आहे. फक्त ‘शाळेनंतरचा वेळ’ अशी पाटी कुठल्याही टेबलावर नाही. ग्रंथालयाचा पैसा उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडून येतो, मैदानाचा आणि व्यायामशाळेचा क्रीडा खात्याकडून, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाचा समग्र शिक्षा योजनेतून, आणि गावाला स्वतःच्या हाताने खर्च करता येईल असा पैसा ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून. हे सगळे झरे एका गावात, एका संध्याकाळी, एका छपराखाली आणायचं काम कुणाच्याच पदाच्या कर्तव्यसूचीत नाही. ते कुणीतरी आपणहून करतं, तेव्हाच होतं.

यातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत टिकाऊ अनुदान ग्रंथालयाचं. त्याच्या मागचा इतिहास मराठवाड्यातल्या माणसाने समजून घ्यावा असा आहे. निजामी राजवटीत मराठी शाळांची वाण होती, तेव्हा वाचनालय हीच भाषेची आणि चळवळीची जागा होती. परभणीचं गणेश वाचनालय 1901 सालचं. वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जमलेली तरुण पोरं पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात दिसतात. शाळेबाहेरचं शिक्षण या प्रदेशाने अनुदान मिळण्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्या वर्गणीवर उभं केलं होतं.

पुढे 1955 साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. वैजापूर त्या वेळी हैदराबाद राज्यात होतं. त्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती, म्हणजे ग्रंथालयाला स्वतःचं हक्काचं उत्पन्न. वर्षभरात, 1 नोव्हेंबर 1956 ला, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याने ग्रंथालय कर लावला नाही. राज्याने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत अशी तरतूद केली आणि ग्रंथालयं चालवण्याचं काम लोकांच्या नोंदणीकृत संस्थांवर सोपवलं. लोकांनी चालवायचं, सरकारने हातभार लावायचा. या रचनेचं मोठेपण मला मान्य आहे. महाराष्ट्रात बारा हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयं याच रचनेतून उभी राहिली, आणि एवढं दाट जाळं फार थोड्या राज्यांत आहे. पण कर नसल्याने या ग्रंथालयांचा श्वास दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून राहिला, हेही तितकंच खरं.

मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे चार वर्ग आहेत: अ, ब, क, ड. जिल्ह्याचं, तालुक्याचं आणि इतर गावांतलं असा आणखी एक भेद असतो. खेड्यात भेटतं ते बहुधा ‘ड’ वर्गाचं: एक खोली, दोन-तीन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, भिंतीवर संतांच्या आणि नेत्यांच्या तसबिरी, आणि दर्शनी भागात मान्यता क्रमांक लिहिलेली पाटी. 2012 नंतर दहा वर्षं ‘ड’ वर्गाचं वार्षिक अनुदान 30,000 रुपयांवर थांबलेलं होतं. 2022 साली ते 60 टक्क्यांनी वाढून 48,000 झालं. तालुक्याच्या ‘क’ वर्गाचं 1,44,000 होतं, ते 2,30,400 झालं.

आता हिशेब करू. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा वेतनेतर बाबींवर, म्हणजे पुस्तकं, नियतकालिकं, भाडं, वीज यांवर खर्च करायचा असतो. 2022 च्या दराने 48,000 चे निम्मे 24,000. बारा महिन्यांनी भागले की महिन्याला 2,000 रुपये. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाचा हा पगार. संध्याकाळी कुलूप उघडणारा, पोरांना पुस्तक शोधून देणारा, दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही लिहिणारा, वर्षअखेरीस लेखापरीक्षकापुढे बसणारा माणूस दिवसाला सुमारे 66 रुपयांवर हे करतो. रोजगार हमीवर एक दिवस माती उचलणाऱ्याला याच्या चौपट मिळतात. एवढ्यावर कुणी टिकतं ते पगारासाठी टिकत नाही.

ग्रंथपाल काय करतो हे मोठ्यांना दिसत नाही, पोरांना दिसतं. चौथीच्या मुलीला जाड पुस्तक देऊन चालत नाही आणि नववीच्या मुलाला चित्रांचं पुस्तक देऊन तो पुन्हा येत नाही. कुणाला पोलिस भरतीची पुस्तकं हवी असतात, कुणाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेची, कुणाला नुसतं बसायला शांत जागा. घरात दोन खोल्या आणि सात माणसं असली की अभ्यासाला जागा मिळणं हीच मोठी मदत असते. तालुक्याच्या गावी अभ्यासिकांची गर्दी वाढते आहे ती याचसाठी. खाजगी अभ्यासिकेत महिन्याचं भाडं भरून खुर्ची घ्यावी लागते. ग्रंथालयात ती जवळजवळ फुकट मिळते, दार उघडं असलं तर.

दार उघडं असण्याचाच प्रश्न 2012 पासून बिकट झाला. त्या वर्षी महसूल यंत्रणेकडून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरच असलेली, पाटी आहे पण पुस्तकं नाहीत अशी ग्रंथालयं सापडली, आणि ती सापडायलाच हवी होती. मात्र त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं आणि जुन्यांचा वर्ग वाढवून देणं वर्षानुवर्षं थांबलं. लबाडांना पकडण्यासाठी लावलेलं कुलूप प्रामाणिक माणसांच्याही दारावर बसलं. ज्या गावच्या तरुणांनी त्या काळात चार कपाटं जमवली, नोंदणी केली, हिशेब नीट ठेवले, त्यांच्या अर्जाला उत्तर नव्हतं. त्या गावांतली एक पिढी शाळा संपवून बाहेर पडली.

ज्यांना मान्यता आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे आणि ती फार कमी जण चालतात. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही कोलकात्याची केंद्रीय संस्था 1972 साली, राममोहन रॉय यांच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने स्थापन झाली. तिच्या समान निधी आणि असमान निधी अशा दोन प्रकारच्या योजना असतात. असमान निधीत ‘बाल ग्रंथालय व बाल कोपरा’ ही स्वतंत्र बाब आहे. म्हणजे मुलांसाठी बुटकी कपाटं, बसकी टेबलं, चित्रांची पुस्तकं यासाठी केंद्राचा पैसा मागता येतो. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यामार्फत जातो. ग्रंथालय संचालनालय त्यासाठी दरवर्षी आवाहन करतं. खेड्यापर्यंत ते पोहोचतं तेव्हा मुदत संपत आलेली असते.

मैदानाची गोष्ट वेगळी नाही. क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या अनुदान योजना आहेत. त्यांत बरीच वर्षं 7 लाख रुपयांची कमाल मर्यादा होती. त्यातून खोली उभी राहते, डंबेल्स येतात, मैदान सपाट होतं, कुंपण पडतं. शिकवणारा मात्र येत नाही. साहित्य आलं की पहिला महिना गर्दी असते. मग एक केबल तुटते, एक बाक मोडतो, आणि दुरुस्त करणारं कुणी नसल्याने खोलीला कुलूप लागतं. मुलींसाठी तर ती खोली पहिल्या दिवसापासूनच बंद असते, कारण तिथे वेळ ठरवून देणारी, नजर ठेवणारी बाई नसते.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त जीव तोडून लिहावंसं वाटतं ते हंगामी वसतिगृहाबद्दल. वैजापूर तालुक्याच्या गोदाकाठच्या पट्ट्याला नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचं पाणी आहे. वरच्या कोरडवाहू भागाची भिस्त पावसावर. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अशा कोरड्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेरडं आणि मुलंही चढतात. मार्च-एप्रिलमध्ये परततात तेव्हा मुलाची इयत्ता निसटलेली असते. पूर्वी कारखान्याच्या तळावर साखरशाळा चालत. तेव्हाच्या औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने त्या कामाला आकार दिला होता. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा आल्यावर मुलाने नियमित शाळेतच शिकावं ही भूमिका पुढे आली, आणि भर मुलाला गावातच ठेवण्यावर गेला.

हंगामी वसतिगृह म्हणजे फार मोठी इमारत नव्हे. गावातलीच शाळा. दुपारचं जेवण शालेय पोषण आहारातून मिळतंच. सकाळचा नाश्ता, संध्याकाळचं जेवण आणि शाळेनंतरची देखरेख शाळा व्यवस्थापन समितीने करायची, खर्च समग्र शिक्षेतून. आपल्याकडे ‘शाळेनंतरचा कार्यक्रम’ म्हणून सरकार ज्याला नाव न देता पैसा देतं, त्याचं हे सर्वांत पूर्ण रूप आहे. मुलाचा जेवणापासून झोपेपर्यंतचा विचार यात केलेला आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा सांगतो. गावात राहिलेल्या आज्या आणि काकवा या कामात खऱ्या अर्थाने उतरल्या तर ते चालतं. अडतं ते वेळेवर. सर्वेक्षण, समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्याकडे प्रस्ताव, जिल्हा परिषदेची मंजुरी, मग रक्कम. कोयता दिवाळीला निघतो, कागद त्या गतीने चालत नाही. मंजुरीची खात्री नसताना बाप मुलाला मागे कसा ठेवील? तो त्याला ट्रकमध्ये बसवतो, आणि मग वसतिगृहाच्या यादीत नावंच कमी भरतात. योजना दसऱ्याआधी मंजूर होणं हीच तिच्या यशाची अट आहे.

शाळेनंतरच्या वेळेला नाव घेऊन पैसा देण्याचं दूरचं उदाहरण घ्यायचं तर अमेरिकेत 2021 साली कोविडनंतरच्या उभारणीसाठी जो मोठा कायदा झाला, त्यात शाळांसाठी सुमारे 122 अब्ज डॉलर होते. त्यातला एक ठरावीक हिस्सा राज्यांनी फक्त शाळेनंतरच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवायचा होता. त्यातून माणसं नेमता येत होती, हे त्याचं बळ. सप्टेंबर 2024 मध्ये मुदत संपली, हे त्याचं दुबळेपण. जवळचं उदाहरण कर्नाटकाचं. तिथे ग्रामीण ग्रंथालयं पंचायतींच्या कक्षेत आली, आणि 2020 च्या नोव्हेंबरपासून मुलांना मोफत सभासद करून घेण्याची मोहीम चालली. शाळा कोविडने बंद असताना लाखो मुलं गावच्या ग्रंथालयात नोंदली गेली. तिथे ग्रंथपाल पंचायतीचा माणूस आहे आणि ग्रंथालय कर हे कायमचं उत्पन्न आहे. वैजापूरला 1955 साली जे मिळू शकलं असतं, ते हे.

मग आज गावाच्या हातात काय आहे? पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा 2021 ते 2026 या काळासाठी आला. त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, 40 टक्के मोकळा. मोकळा पैसा घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांवर खर्च करता येत होता, आणि त्यात ग्रंथालयं आहेत, शिक्षण आहे, महिला व बालविकास आहे. पण आयोगाची अट अशी होती की यातून पगार देता येत नव्हता. पुन्हा तेच: कपाट घ्या, टेबल घ्या, सौर दिवे घ्या, माणूस घेऊ नका.

माणसाचा पैसा काढता येईल अशी जागा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं यांच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करणं बंधनकारक आहे. पाच लाख उत्पन्न असलेल्या गावात हे 50,000 रुपये होतात. आजवर त्यातून शिलाई यंत्रं वाटली जातात किंवा अंगणवाडीला खेळणी येतात. ग्रामसभेने ठराव केला, तर गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला संध्याकाळचे तीन तास ग्रंथालय आणि अभ्यासवर्ग सांभाळण्यासाठी यातून मानधन देता यायला हवं. ग्रंथालयाच्या वेतनाचे 2,000 आणि यातले 3,000 मिळाले तरी महिन्याला 5,000 होतात. वर्षाचे 36,000 देऊनही त्या 50,000 मधले 14,000 उरतात.

‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. आराखड्याच्या नऊ संकल्पनांत ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे, त्यामुळे हा विषय मांडायला वेगळी परवानगी लागत नाही. ऊसतोडीचं सर्वेक्षणही याच सुमाराला हवं असतं, आणि ग्रंथालयाचे हिशेबही तोवर तपासून झालेले असावेत. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, ग्रंथपाल, ग्रामपंचायत अधिकारी आणि बचतगटातल्या दोन बायका त्याआधीच्या आठवड्यात एकत्र बसले, तर तिन्ही कागद एकाच बैठकीत तयार होतात: हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, बाल कोपऱ्याचा अर्ज, आणि मानधनाचा ठराव. ठरावात वेळ स्पष्ट लिहावी, संध्याकाळी पाच ते आठ, आणि किल्ली कुणाकडे राहील तिचं नावही.