याकोबाचें नवें नांव

प्राचीन इब्री लोक नांवांत माणसाचें चरित्र वाचीत. ख्रिस्ती शास्त्राच्या 'उत्पत्ति' या पहिल्या ग्रंथांत इसहाकाचा धाकटा मुलगा जुळ्या भावाची टांच धरून जन्मला, म्हणून त्याचें नांव याकोब पडलें. आपल्याला दोनदां ठकविल्यावर थोरल्या एसावानें त्याच नांवांत लबाडीचा अर्थ पाहिला. आणि त्यांत त्याचें फारसें चुकलें नाहीं! दृष्टि मंदावलेल्या पित्यानें तूं कोण असें विचारतांच याकोबानें एसावाचें नांव सांगून आशीर्वाद लाटला होता.

पुढें २० वर्षांनीं एसावाच्या धास्तीनें व्याकुळ झालेला याकोब यब्बोक नदीच्या कांठीं रात्रीं एकटा उरला. तेथें एका अनोळखी पुरुषाशीं त्याची पहाटेपर्यंत झुंज झाली. आशीर्वाद मागतांच त्याला नांव विचारण्यांत आलें. या वेळीं त्यानें स्वतःचेंच सांगितलें. ३२ व्या अध्यायांतील हा एक शब्द जुन्या कपटाची कबुलीच मानावयास हवा. त्यानंतर त्याला 'इस्राएल' हें नांव मिळालें. देवाशीं झुंजणारा, असा त्याचा अर्थ तेथेंच दिला आहे.

अब्रामाचा अब्राहाम झाल्यावर त्याचें जुनें नांव त्या ग्रंथांत पुन्हां येत नाहीं. याकोबाचें मात्र येतच राहतें. सूर्योदयीं तो लंगडत एसावाच्या भेटीस निघाला.