झाडासारखा वाढविलेला हायड्रेंजिया

कॅनडा-इंग्लंडकडे गेलेल्या आपल्या मंडळींनी पाठविलेल्या फोटोंत एक झाड पुष्कळांनी पाहिले असेल. पुरुषभर उंचीचे एकच खोड, वर छत्रीसारखा घेर आणि त्यावर शंकूच्या आकाराचे पांढरे तुरे. ‘हे आपल्याकडे होईल का?’ अशी विचारणा होते.

हे मुळात झाड नव्हेच, झुडूप आहे. हायड्रेंजियाची ही पॅनिक्युलाटा नावाची जात जपान, चीन व कोरियाकडची. जर्मन वैद्य सीबोल्ट यांनी १८२९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. शून्याखाली ३० अंशांची थंडीही ती सोसते. हायड्रेंजिया हे नाव ‘पाणी’ व ‘भांडे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. बोंड घागरीसारखे दिसते म्हणून ते पडले. पण झाडाला पाणीही तितकेच लागते.

झुडपाचे झाड करणे हे माळ्याच्या चिकाटीचे काम आहे. कोवळ्या रोपाची सर्वांत सरळ व जोमदार फांदी राखून बाकीच्या बुडापासून काढतात. राखलेली फांदी मजबूत काठीला सैल बांधतात. बाजूचे फुटवे खुडीत राहावे लागते. खोड तीन-चार फूट झाले की शेंडा खुडतात, म्हणजे वर फांद्या फुटून घेर धरतो. यात तीन-चार वर्षे सहज जातात. काठी काढण्याची घाई मात्र करू नये. पावसाने भिजलेले तुरे जड होतात आणि बारीक खोड वाकते. रोपवाटिकेतील पुष्कळ झाडे उंच खोडावर कलम केलेली असतात. त्यांच्या कलमाखाली आलेला प्रत्येक फुटवा काढलाच पाहिजे.

छाटणी हिवाळा संपता संपता, नवी पालवी येण्यापूर्वी करावी. ही जात त्याच वर्षीच्या फुटीवर फुलते. म्हणून गेल्या वर्षीच्या काड्या दोन-तीन डोळे ठेवून कापल्या तरी फूल चुकत नाही. बुडाशी पालापाचोळा पसरावा, पण खोडाला टेकवू नये. नत्रखत फार दिल्यास पानेच माजतात.

आता आपल्याकडचे. गोव्याच्या उकाड्यात किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात या थंडीतल्या झाडावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उटी, कोडाईकनालला गोल गेंदांचा दिसतो तो हायड्रेंजिया दुसऱ्या जातीचा, मॅक्रोफिला. त्याचा रंग मातीवर ठरतो. आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम मुळांना मिळते व फूल निळे होते. चुनखडीच्या जमिनीत ते गुलाबी राहते. बेळगाव-खानापूरकडे हौस असेल त्याने हा कुंडीत, दुपारच्या सावलीत लावून पाहावा. पण त्याची छाटणी वरच्यासारखी करू नये. त्याच्या कळ्या बहुधा जुन्या काडीवर धरतात. हिवाळ्याअखेर छाटला तर त्या वर्षीचे फूल गेले.

एक गोष्ट घरातील सर्वांना सांगून ठेवावी. हायड्रेंजियाची पाने व कळ्या विषारी आहेत. कोवळ्या ज्वारीने गुरे दगावतात, त्याच प्रकारचे सायनाइड देणारे द्रव्य त्यांत असते. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ किंवा शेळ्यांच्या वाटेवर टाकू नयेत, खोल पुराव्यात. लहान मुलाने पान चघळले व उलट्या किंवा पोटदुखी सुरू झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता मूल आणि पान दोन्ही घेऊन दवाखाना गाठावा. जनावर धापा टाकू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर गुरांच्या डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे. या विषावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळाले तरच उपयोगी पडते.