ईदनंतर कामावर परतताना उन्हाचा विचार

रमजान ईद झाली, पाहुण्यांची ये-जा आटोपली, की आपल्या अनेक घरांतली कर्ती माणसे पुन्हा कामाच्या जागी पोहोचतात. कोणी स्लॅबवर सळया बांधतो, कोणी वेल्डिंग करतो, कोणी टरबुजाची हातगाडी लावतो, कोणी दिवसभर मोटारसायकलवरून पार्सले पोहोचवतो. सध्या ही ईद मार्चच्या आसपास येते आणि बकरी ईद मे-जूनमध्ये. म्हणजे आठ-पंधरा दिवस घरी राहून माणूस परततो तो ऐन उन्हाच्या तोंडी. उन्हाळ्यात काय खावे, काय प्यावे यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. या परतीच्या आठवड्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि आम्हाला वाटते सर्वांत जास्त धोका याच दिवसांत असतो.

शरीर उन्हाला सरावते, हे आपण अनुभवाने जाणतो. रोज थोडे थोडे उन्हात काम केले की घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जाते आणि हृदयावरचा ताणही कमी होतो. या सरावाला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तो कायमचा मात्र राहत नाही. आठवडाभर सावलीत काढला की उतरू लागतो आणि महिनाभरात जवळजवळ निघून जातो. रमजानमध्ये पुष्कळांनी काम कमी केलेले असते किंवा रात्रीची पाळी घेतलेली असते, त्यामुळे हा सराव आणखी मोडतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचे सांगणे असे आहे की, उघड्यावर काम करताना उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. त्यांत धडधाकट तरुणही असतात. "मी दर वर्षी हेच काम करतो" असे म्हणणाऱ्याने मागच्या पंधरा दिवसांत ते केले होते का, हे स्वतःला विचारावे.

यावरचा उपाय साधा आहे, पण रोजंदारीवर असणाऱ्याला अवघड. जाणकार म्हणतात, अगदी नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हातले काम एक पंचमांशच करावे आणि रोज तेवढेच वाढवत जावे. जुना माणूस सुट्टीवरून आला असेल तर पहिल्या दिवशी निम्मे, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण. मुकादमाला हा हिशेब सांगितला तर तो हसेल, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्या वाटा काढाव्या लागतात. पहिले तीन-चार दिवस जड काम सकाळी ११ च्या आत उरकायचे, दुपारी सावलीतले काम मागून घ्यायचे, जोडीदाराशी आळीपाळी ठरवायची. गाडी लावणाऱ्याने आठवडाभर तरी दुपारचे तीन तास गाडी बंद ठेवली तर थोडा धंदा बुडेल, पण आजारी पडून महिनाभर खाटेवर राहण्यापेक्षा ते स्वस्त पडते. जोहरच्या नमाजीची वेळ आपल्याला आयती मिळालेली विश्रांती आहे. कडक उन्हाच्या दिवसांत जोहर थोडी उशिरा, ऊन उतरल्यावर पढण्याची सवलत हदीसमध्ये आहेच. मशिदीत पंख्याखाली अर्धा तास बसले, वुजूच्या निमित्ताने हात-तोंड-पाय गार झाले, तर शरीराला मोठा आधार मिळतो.

आखातात कामाला असलेल्या आपल्या कोकणी मंडळींना दुपारची सुट्टी नवी नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते. सौदीत त्याच तीन महिन्यांत बारा ते तीन. कतरने २०२१ पासून सकाळी दहा ते साडेतीनपर्यंत बंदी घातली आहे आणि ती १ जूनलाच सुरू होते. पण तिथेही हीच अडचण येते. जुलैच्या पावसात गावी येऊन गेलेला माणूस ऑगस्टमध्ये परततो, तेव्हा त्याचा सराव गेलेला असतो. खोलीत एसी, बाहेर ४५ अंश. घरच्यांनी फोनवर पैशांइतकेच याबद्दलही विचारावे.

आता पाणी. तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण तहान लागते तेव्हा पाणी आधीच कमी झालेले असते. उन्हात राबणाऱ्या माणसाचा तासाला एक लिटर घाम जाऊ शकतो. दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये, कारण नुसते पाणी अती झाले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही घातक असते. घाम दोन तासांपेक्षा जास्त वेळ गळत असेल तर मिठाचे काही हवे: ताक, मीठ घातलेले लिंबू सरबत, कैरीचे पन्हे, कोकणात कोकमाचे सरबत. घरी करायचे साधे पाणी म्हणजे एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप बिघडवू नका. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. साखर-मिठाचा हा मेळ डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना दिला आणि असंख्य जीव वाचले. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा आजार असणाऱ्यांनी मीठ-साखर वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच सांभाळावे. गुलाबाचे गोड सरबत चवीला ठीक आहे, पण त्यात मीठ नसते. आणि गुटखा तोंडात असला की माणूस तासन्‌तास पाणी पीतच नाही, हे आम्ही रोज पाहतो.

पाणी पुरते की नाही हे लघवीच्या रंगावरून कळते. फिकट पिवळी असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी गडद झाली तर कमी पडते आहे. बांधकामावर राबणाऱ्या आपल्या बहिणींची गोष्ट यापेक्षा कठीण आहे. जागेवर शौचालय नसते म्हणून त्या सकाळपासून पाणीच टाळतात, आणि मग चक्कर, लघवीची जळजळ, मूत्रपिंडाचे दुखणे मागे लागते. पिण्याचे पाणी आणि शौचालय देण्याची जबाबदारी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच मालकावर टाकली होती. ठेकेदाराकडे ती मागताना लाजू नये. एकटीने मागणे जड जात असेल तर चार जणींनी मिळून मागावी.

कोकण आणि मराठवाडा यांचे ऊन एकसारखे नसते. औरंगाबाद-जालन्याकडे ४२ अंशांत हवा कोरडी असते, घाम तिथल्या तिथे उडतो आणि किती पाणी गेले ते कळतच नाही. मुंबई-रायगडकडे ३५-३६ अंश असले तरी हवेत ओल असते. घाम अंगावरच राहतो, उडत नाही, आणि अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर मोठा जनसमुदाय भर उन्हात बसला होता. तापमान ३८ च्या आसपास होते, तरी उष्माघाताने दहाहून अधिक जीव गेले. म्हणून फक्त आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

अंग आधी इशारा देते. पोटऱ्यांत किंवा पोटात गोळे येतात. मग डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, खूप घाम सुटतो आणि हात गार पडतात. इथेच थांबावे: सावली, बूट-मोजे काढणे, ओले फडके मानेवर, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टर गाठावा, आणि बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात जाऊ नये.

यापुढची पायरी उष्माघाताची. अंगाचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदू गोंधळतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, अडखळतो, साधा प्रश्न विचारला तरी उत्तर देत नाही. "दारू प्यायलाय" किंवा "लागण झालीय" असे समजून सोबती हसतात आणि मोलाची मिनिटे जातात. अंग कोरडे नाही म्हणजे उष्माघात नाही, असेही समजू नये. राबणाऱ्या माणसाला घाम गळत असतानाच उष्माघात होतो. बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता तिथेच गार करायला सुरुवात करावी. कपडे सैल करा, अंगावर बादल्यांनी पाणी ओता, पुठ्ठ्याने वारा घाला, बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून काखेत, मानेला आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, आणि खिशातला कांदाही इथे कामाचा नाही. नाकाला कांदा हुंगवण्यात वेळ घालवण्यापेक्षा पाण्याची बादली आणावी.

घरच्या बाजूनेही करण्यासारखे बरेच आहे. सैल, फिकट, सुती आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्यावेत. दोन लिटर पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून द्यावी. परतल्यानंतरचे पहिले आठ दिवस संध्याकाळी दोन प्रश्न विचारावेत: दिवसभरात लघवीला किती वेळा गेलास, आणि गोळे आले का? पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांची रात्र मोठी कठीण असते. दिवसभर तापलेले अंग रात्री थंड झाले नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याच अंगावर बसते. शक्य असेल तर पत्र्यावर पांढरा चुना मारून घ्यावा, दुपारी त्यावर ओले गोणपाट टाकावे, आणि रात्री गच्चीवर झोपता येत असेल तर तिथेच झोपावे. पत्र्याला चुना लावायला दोन माणसांना एक सकाळ पुरते. तो मार्चमध्येच लावला तर सगळा उन्हाळा उपयोगी पडतो.