मांजराची साखर घरीच पाहा

मांजराला मधुमेह म्हटले की गावाकडे हसू येते. पण अंधेरी-बोरिवलीच्या ब्लॉकमध्ये बसून लठ्ठ झालेल्या बोक्याला तो होतो, तसा तुमच्या कणगीजवळच्या मनीलाही होऊ शकतो. ती फार पाणी पिते, वारंवार लघवी करते, खाऊनही वाळते.

डॉक्टर बहुधा बारा-बारा तासांनी इन्सुलिन टोचायला सांगतात. जनावरांचे जुने बाई साकरबाई रुग्णालय परळला. बोरिवलीहून तिथवर नेलेले मांजर भेदरते आणि भीतीनेच साखर चढते. त्या आकड्यावर डोस वाढवला तर घात! म्हणून घरी मापावे. कान तळहाताने गरम करून कडेला बारीक सुई टोचा. एक थेंब पुरतो. माणसांचे ग्लुकोमीटर चालते, मात्र ते बहुधा आकडा थोडा कमी दाखवते, एवढे ध्यानात असू द्या.

आकडा 60 च्या खाली गेला किंवा मांजर झोकांड्या खाऊ लागले, तर इन्सुलिन नको. हिरड्यांना मध चोळा, डॉक्टर गाठा. मांजर जेवले नसेल तरी विचारल्यावाचून सुई देऊ नका.

सिरिंजही नीट बघा. 100 च्या बाटलीतले औषध 40 च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, की अडीचपट जाते.

काही मांजरांची इन्सुलिनची गरज पुढे संपतेही. ते वहीत रोज लिहिलेल्या आकड्यांवरून डॉक्टरांना कळते.